रिकामा ठोका

पिंपरखोरी, सिरसाळ्याजवळ
ता. १६ फेब्रुवारी २०२५

चि. संस्कृतीस आजी भिवराबाईचे आशीर्वाद. वि. वि.

हिकडं समदी खुशाल हायेत असं लिवायची रीत हाय म्हणून लिवलं. तसं काय न्हाई हे तुला ठावं हाय.

दुसरी शिकलेल्या म्हातारीनं पत्र कावून लिवलं म्हणशील. फोनवर माझ्या कानामुळं आवाज मोठा करावा लागतो, आन आपलं घर केवढं? तुझी आई शेजारीच असती. तिच्याबद्दलच बोलायचं आन तिलाच ऐकू जाऊ द्यायचं न्हाई, मंग हे बरं. अक्षर वाकडं हाय, वाचून घे. कालिजात जाऊन एवढं तर आलं पाहिजे.

तुझा बाप जाऊन महिना होऊन गेला. कर्नाटकात कालव्याच्या कडंला उसाची ट्रॉली उलटली तवा तुझी आई मंगल तिथंच, हाताच्या अंतरावर व्हती. तवापासून ती रडली न्हाई. तू आलतीस तवा बघितलंस. तुला वाटलं असंल पाहुणेरावळे गेले की रडंल. न्हाई रडली. बोलती ते एका शब्दात. घे. ठेव. झालं. रानात जाती, भाकरी थापती, भांडी घासती, कामात खोट न्हाई. पर काल कडबा बांधायलो व्हतो. ती पेंढी बांधून ठेवती आन मंग हात पुढं करून थांबती. मोकळाच हात. जरा येळानं तिला उमजतं आन ती सोताच वाकून दुसरा कडबा उचलती. दर पेंढीला असंच. तुझा बाप ऊस तोडून तिच्या हातात द्यायचा आन ती मोळी बांधायची, इतकी सालं तसंच चाललं. हाताला कोणी सांगितलं न्हाई की आता पलीकडं कोणी न्हाई.

आता मुद्द्याचं. चैत्री पुनवंला बारवेवर रानाईचं सोंग हाय. औंदा घोंगडं आपल्या घरासाठी टाकतील. तुझा आजोबा गेला तवा तू माझ्या मांडीवर व्हतीस, आठवत नसंल म्हणून सांगते. रानाईचा लेक लिंबा बारवेच्या तळाचा धोंडा काढायला उतरतो, पाणी वर येतं आन त्यो येत न्हाई. मंग ती पायरीवर उभी ऱ्हाऊन विलाप करती. ओळीचा शेवटचा शब्द ती म्हणत न्हाई. हलगीवाला त्यो ठोका रिकामा सोडतो. ज्याच्या घरचं माणूस त्या साली गेलं त्यानं घोंगड्यावर बसून त्यो शब्द द्यायचा. तुझ्या आजोबाच्या साली समदे शब्द मी दिलते, तोंड वाकडं न करता. माझं म्हणणं, मंगल त्या घोंगड्यावर बसली की बोलंल.

आप्पाराव मास्तर वारल्यापासून सोंग कोणी बसवंना. रानाई करणारा तानाजी जीपवाला आता ओळी इसरतो. मिशी काढायला बी तयार न्हाई, पदराखाली झाकतो, रानाई दिसायला हवालदारावाणी दिसती. त्यो म्हणला, संस्कृतीला सांगा, ती नाटकाचंच शिकती, तिनं लिवून पाठवावं. मास्तरांचा आवाज तुझ्या फोनात भरलेला हाय म्हणं. तर लिवून पाठव.

जेवत जा. तू बी मागच्या टायमाला खुरप्याच्या दांड्यासारखी दिसलीस. असाच जीव लावत जा, आन न्हाई लावलास तरी पत्र पाठव.

तुझी आजी


छत्रपती संभाजीनगर
दि. २५ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. खोलीतल्या मुलींना वाटलं कोर्टाची नोटीस आली, इतक्या घाईनं मी ते फोडलं. अक्षर वाकडं नाही. माझ्यापेक्षा बरं आहे.

सोंगाचं लिहून सोबत पाठवते आहे, तानाजीकाकांना दे. त्यात एक बदल केला आहे, तो वाचून तू रागावशील, म्हणून आधीच सांगते. विलाप मी साध्या बोलण्यात लिहिला आहे. ओळी नाहीत, यमक नाही, आणि कुणी शब्द द्यायची गरजही नाही.

आजी, आम्हाला इथे शिकवतात की खरं दुःख तुटक असतं. माणूस अडखळतो, वाक्य अर्धं टाकतो, भलतंच काहीतरी बोलतो. माझ्या पपांची बातमी मला फोनवर कळली. मामा म्हणाला, ट्रॉली उलटली. मग म्हणाला, तू जेवलीस का? त्यात कुठलं यमक होतं? जिचा मुलगा बुडाला ती बाई आठ-आठ अक्षरं मोजून रडेल का? मला ते नटवलेलं वाटतं. मेलेल्या माणसाला बाशिंग बांधल्यासारखं.

आणि खरं सांगायचं तर दुसरी गोष्ट जास्त आहे. सगळ्या गावासमोर, हलगी थांबवून, आईच्या तोंडाकडे बघत बसायचं आणि ती कधी बोलते याची वाट पाहायची, हे मला क्रूर वाटतं. तिला नाही बोलायचं तर नको बोलू दे. तिचं दुःख आहे, गावाची जत्रा नाही.

कडब्याचं वाचलं आणि पुढचं पान मला दोन दिवस वाचता आलं नाही.

आईला सांग, मी जेवते. तुझी गोळी सकाळचीच घे, आठवण झाली की घेते असं करू नकोस. लोभ आहेच, रागावलीस तरी तो कमी करू नकोस.

तुझी
संस्कृती


पिंपरखोरी
ता. ९ मार्च २०२५

चि. संस्कृतीस आशीर्वाद. वि. वि.

रागावले न्हाई. हसले. का ते ऐक.

तानाजीनं तुझं लिवलेलं पाठ केलं. पारावर तालीम ठेवली. चार बाया, दोन म्हातारे आन बजरंग हलगी घेऊन. तानाजी उभा ऱ्हायला आन तुझ्या बोलण्यात म्हणला की माझा मुलगा लिंबा आता परत येणार नाही, तो पाण्यात राहिला. तर रतनबाईनं लगेच इचारलं, आगं बाई, कवा? मंग म्हणली, प्रेत तरी घावलं का? तानाजी गोंधळला. बजरंग हलगी मांडीवर ठेवून बसला व्हता, त्यो म्हणला, काकी, ह्याच्यात मी मारू कुठं? मला कळंना झालंय हिचं बोलणं कुठं संपलं.

रतनबाई येडी न्हाई. साधं सांगितलं की ती खबर व्हती, पोरी. खबर ऐकली की माणूस सवाल करतं. कवा, कुठं, कसं, आन दहावं कवा घातलं. तुझ्या बापाच्या मातीला आलेल्यांनी बी हेच इचारलं न्हवं का? ट्रॉलीत किती टन ऊस व्हता तेबी इचारलं. ओळीत म्हणलं की कोणी काय इचारत न्हाई. समद्यांना ठावं असतं फुडं काय येणार, आन ते येऊ नये असं बी वाटत असतं. जीव तिथं अडकतो.

मला तुझं कालिज ठावं न्हाई, पर कोयता ठावं हाय. ऊसतोडीत जोडीला कोयता म्हणतेत, एकट्या माणसाला कोणी कोयता म्हणत न्हाई. एकानं तोडायचं, एकानं बांधायचं. ओळीचं बी तसंच हाय. पहिली ओळ देती, दुसरी घेती. हे बघ:

तुझ्या वाटची भाकर तव्यावरी फुगलेली,
हाक मारिता मारिता जीभ माझी…

तिथं तानाजी थांबला तर तुझ्याच तोंडात आलं का न्हाई, ‘भागलेली’? आलं असंल. तू म्हणायची न्हाई असं ठरवलं तरी आलं. ते नटणं न्हवं. पहिल्या ओळीनं हात पुढं केलाय आन त्यो रिकामा ठेववत न्हाई, एवढंच. मंगलचा हात जसा थांबतो तसा.

क्रूर म्हणलीस. आसंल. मी काय मायाळू हाय असं कोणी तुला सांगितलं? पर ती गप हाय ते बी काय सुखाचं न्हाई. परवा तिनं पोळलेला हात दिवसभर पदरात धरून ठेवला, मला सांगितलं न्हाई. मी फोड बघितले तवा म्हणली, असू द्या. केजवरून तुझा मामा रामेश्वर आलता. म्हणला, जत्रा होईस्तोवर बघतो, न्हाई तर ताईला घेऊन जातो, मोठ्या डाक्टरला दाखवतो. मी म्हणले, घेऊन जा की, एक खाणारं तोंड कमी होईल. त्यो माझ्याकडं बघतच ऱ्हायला. त्याला इस्वास बसला वाटतं. माझ्या बोलण्याला समदे खरं धरतेत, हीच तकलीफ हाय.

ती गेली तर घरात मी आन कोंबड्या.

तर जुन्या ओळी लिवून धाड. बाशिंगाचं तू बरोबर लिवलंस, पर मेलेल्याला आंघोळ घालतेतच की, नवं कापड बी घालतेत. त्याला नटवणं म्हणत न्हाईत.

गोळी सकाळी घेते. मुळ्याची भाजी टाकून देऊ नको, पाल्यातच सत्त्व हाय. आमची आठवण ठेव, आमी ठेवतोच.

तुझी आजी


छत्रपती संभाजीनगर
दि. १९ मार्च २०२५

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

हो. आलं तोंडात. बसमध्ये वाचत होते, आणि मोठ्यानं आलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय म्हणालात?

जुन्या ओळी मास्तरांच्या आवाजातून उतरवून पाठवते आहे. ऐकताना एक लक्षात आलं. मास्तर रडवेला आवाज कुठेच काढत नाहीत. उलट जिथे जास्त दुःख आहे तिथे चाल जास्त सरळ धरतात. मेंढरांचं कडवं तर ते हिशेब सांगावा तसं म्हणतात:

मेंढरं आली घरला, घोंगडी खुंटीला हाय,
दाराकडं बघणारी आंधळी झालीया…

आणि तिथे थांबून खोकतात. तो खोकला ऐकून मी फोन बंद केला. वर्गात हे सांगितलं तर सर म्हणाले, यावरच लिही. मी नाही लिहिणार.

पण आजी, रिकाम्या जागा मी भरून दिल्या आहेत. सगळे शब्द तानाजीकाकाच म्हणतील. ओळी तुझ्या, यमक तुझं, हलगीही वाजेल. फक्त आईला काही द्यावं लागणार नाही. शेवटच्या ओळीत दोन शब्द मी बदलले आहेत. ‘आन लिंबा देव झाला’ असं केलं आहे. अक्षरं बरोबर बसतात, यमकही जुळतं. एवढं माझ्यासाठी होऊ दे. तिनं पपांसाठी तो मूळचा शेवटचा शब्द सगळ्यांसमोर म्हणावा असं मला नाही वाटत. मलाच तो अजून म्हणता येत नाही. मैत्रिणींना मी सांगते, पपा कर्नाटकात असतात.

पुनवेला मी येणार नाही. परीक्षा आहे.

एक विचारू? तू सारखी आईनं शब्द द्यावा म्हणतेस. घोंगड्यावर तूही बसणार ना? तुझा मुलगा होता. तू का नाही देत?

राग आला तर पत्रातून चार शिव्या दे, पण उत्तर दे. तुझ्या मायेची सवय झाली आहे.

तुझी
संस्कृती


पिंपरखोरी
ता. २८ मार्च २०२५

चि. संस्कृतीस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र भेटलं. तानाजीला दिलं. त्यो खूश हाय, म्हणतो आता थांबायची भानगड न्हाई, घोंगड्यावर कोणी अडलं तरी खोळंबा न्हाई. देव झाला, देव झाला करीत जीप चालवायलाय.

ऐकायला ग्वाड लागतं. म्हणूनच भ्या वाटतं. साध्या बोलण्यात म्हणली असतीस की लिंबा देव झाला, तर रतनबाईनंच इचारलं असतं, कोणी बघितला? ओळीत बसवलंस तर समदे माना डोलावतेत. यमक जुळलं की माणूस खोटं बी गिळतं. हे तुमच्या कालिजात शिकवतेत का न्हाई?

तुझा बाप देव न्हवता. चहात तीन चमचे साखर लागायची, आन बैल इकला तवा चार दिवस माझ्याशी बोलला न्हाई.

मी तानाजीला काय बोलले न्हाई. करू दे.

बाकी तू इचारलंस त्याचं. बायकोचा मान पहिला असतो. म्हातारीनं मधी तोंड घालू नये.

परीक्षेचा पेपर चांगला लिव. आमच्यावर नजर असू दे.

तुझी आजी


पिंपरखोरी
ता. १४ एप्रिल २०२५

चि. संस्कृतीस आजीचे लई आशीर्वाद. वि. वि.

पुनव झाली. तुझी परीक्षा पुनवंला न्हवती हे मला ठावं हाय. शनवार व्हता आन सुट्टी व्हती. असू दे. आलीस न्हाईस म्हणून राग न्हाई. काय झालं ते लिवते, दुसऱ्या कोणाकडून ऐकशील त्यापरीस.

दिवेलागणीला सोंग सुरू झालं. घोंगड्यावर मी, मंगल आन मागं तुझा मामा. तानाजीनं औंदा मिशी काढली व्हती. कोणी सांगितलं न्हाई, आपल्या मनानंच काढली. पहिल्यांदा त्याला बघून कोणी हसलं न्हाई. बजरंगनं हलगी शेकून आणलेली, आवाज पार शिवारात जायचा.

विलाप सुरू झाला. भाकरीचं कडवं तानाजीनं पुरं म्हणलं, भागलेली बी त्यानंच म्हणलं. बाया एकमेकींकडं बघायल्या. त्यांच्या तोंडात आलेला शब्द तोंडातच ऱ्हायला ना. बजरंगचा ठोका सवयीनं रिकामाच पडला, आन तानाजीचा शब्द त्याच्या पुढं पळाला. मेंढराचं कडवं बी तसंच झालं. पाहुण्याला ताट वाढून आपणच जेवावं तसं वाटलं. मंगल बारवेच्या पाण्याकडं बघत बसलती. मला मनात बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? वाटलं, सुटलो. देव झाला म्हणंल आन मोकळं होऊ.

मंग शेवटचं आलं.

धोंडा हलला तळाचा, झरा उसळून आला,
गाव प्यालं पोटभर, आन लिंबा माझा…

माझा, म्हणला त्यो. तुझ्या लिवण्यात माझा न्हवतं. जुनी ओळ तोंडात आली आन त्यो थांबला. जिथं इतकी सालं थांबला तिथंच थांबला. सोंग संपल्यावर मला म्हणला, काकी, तुमच्या संस्कृतीचं समदं पाठ व्हतं, पर मंगलताईसमोर जीभ खोटं बोलंना. पर थांबला तवा त्याचा चेहरा चोरी केल्यावाणी झालता.

बजरंगनं ठोका सोडला. हलगी परत फिरून त्याच जागंवर आली, परत रिकामा ठोका. परत फिरली. समदं गाव मंगलकडं बघायलं. तू लिवलंतंस तेच, अगदी तसंच. ती हालली न्हाई. मी तिच्याकडं बघितलं आन मला वाटलं, संस्कृतीचं खरं व्हतं, हिला हितं आणून मी वाटोळं केलं. उठून हलगी बंद करा म्हणायला तोंड उघडलं.

तोंडातून ‘गेला’ असं आलं.

मी म्हणलं न्हाई ते. मला बंद करा म्हणायचं व्हतं. पर ओळ किती येळ हात पुढं करून उभी व्हती, आन तोंड उघडं घावलं, तर तिनं घेतलं. आला म्हणलं की गेला येणारच. एवढ्या मोठ्यानं आला आवाज की बारवेतून परत माघारी आला. तुझ्या आजोबाच्या टायमाला दिलते ते शब्द व्हते. ह्यो तसा न्हवता. माझा शहादेव गेला हे मी तवर कोणापाशी म्हणलंच न्हवतं. माती दिली, दहावं केलं, आल्यागेल्याला चहा पाजला, पर ते शब्द दुसऱ्यांनी म्हणले, मी नुसती मान हालवली. तुला वाटलं मंगल बोलंना. मला बी तसंच वाटलं. दोघींची मिळून खबर घ्यायची तर कोणी घेतली न्हाई.

बजरंगनं शेवटचा ठोका मारला. मी रडले असं कोणी सांगितलं तर इस्वास ठेवू नको. जत्रंत धुरळा लई व्हता.

समदे उठले, तानाजी पदर सोडायला गेला. मला काय उठता येईना. तवा मंगल बोलली. म्हणली, उठा आत्या, पाय आखडतेल. घरी जाऊ. मी तुमाला दूध तापवून देते. एवढं समदं बोलली. एका दमात. मी तिच्या तोंडाकडं बघत ऱ्हायले तर म्हणली, काय बघताव, धरा हात.

तवा तुझं बी खरं पोरी. तिचं साध्याच बोलण्यात आलं. त्याला ना ताल ना यमक. पर माझं आधी निघालं म्हणून तिचं निघालं का, ते मला सांगता यायचं न्हाई. तुझ्या सरांना इचार.

घरी आल्यावर तुझा मामा म्हणला, ताई हितंच ऱ्हाऊ दे. मी म्हणले, ऱ्हाऊ दे की, कोंबड्यांना दाणे टाकायला कोणी तर पाहिजे.

ती फार बोलती असं समजू नको. परत घे, ठेव वरच आली. रातीला मातर एकदा तुझ्या बापाचं नाव घेऊन काही म्हणली, कानामुळं मला ऐकू आलं न्हाई. परत इचारलं न्हाई मी.

तू मैत्रिणींना खरं सांग. लगेच न्हाई. जमंल तवा. ओळीत न्हाई जमलं तर साधं सांग, त्यांनी कवा, कसं इचारलं तर इचारू दे.

काल ऱ्हायलेला कडबा बांधला. पेंढ्या रचून गंज लावायची व्हती. तिनं पेंढी बांधली आन हात पुढं करून थांबली. मी पलीकडून कडबा उचलून तिच्या हातात दिला. तिनं बघितलं न्हाई, बांधला. परत हात. परत दिला. माझं कंबरडं मोडलेलं, दर पेंढीला मागं पडते, ताल चुकतो. ती थांबती.

तू ये. न्हाई जमलं तर पत्र पाठव, तुझा हात बी हिकडं असू दे.

तुझी आजी
भिवराबाई